लिंबाच्या जागी मी

“ऊठ निवास, मुहूर्त टळतोय,” अण्णा म्हणाले.

“टळू द्या,” मी म्हणालो.

मी जीपच्या पुढं आडवा पडलो होतो. शुभकार्याला गाडी निघताना पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवतात, तशी त्या दिवशीही ठेवली होती. डाव्या चाकाखाली लिंबू होतं. उजव्या चाकाखालचं लिंबू माझ्या खिशात होतं आणि त्याच्या जागी मी होतो. फरक एवढाच, की लिंबाला कुणी ऊठ म्हणत नव्हतं.

हिंदुराव अण्णा माझे मालक. कुसवड्याच्या घाटमाथ्यावर त्यांच्या दोन जीप वडापला होत्या, म्हणजे स्टँडवर माणसं भरायची, खाली चिपळूणला सोडायची आणि तिकडची माणसं भरून वर यायचं. एक जीप मी चालवायचो, दुसरी सर्जेराव. त्या दिवशी अण्णांच्या धाकट्या मुलाचा, धैर्यशीलचा, चिपळूणला साखरपुडा होता. सर्जेरावच्या जीपमध्ये अख्खं घरदार कोंबून बसलं होतं. नवरदेव सुटात होता आणि त्याच्या मांडीवर पेढ्यांचं ताट होतं. पुढं घाट होता. माझ्या म्हणण्याप्रमाणे निम्मा घाट उतरल्यावर त्या जीपला ब्रेक राहणार नव्हता.

“ब्रेक लागतोय,” अण्णा म्हणाले. “म्या सोता दाबून बघितला.”

“हितं लागतोय, अण्णा. हितं सपाट हाय. सपाटीला पलंगबी थांबतोय.”

“आन् खाली लागणार न्हाई, ह्ये तुला कुणी सांगितलं?”

इथं माझी अडचण होती. त्या जीपच्या ब्रेकचं जे काही झालं होतं ते चाकोबाच्या कृपेनं झालं होतं, आणि चाकोबा हा देव मीच काढला होता.

तर आधी चाकोबाचं सांगतो.

मी भित्रा आहे. हे तक्रार म्हणून सांगत नाही, धंद्याची पात्रता म्हणून सांगतोय. बाविसाव्या वर्षी अण्णांकडं लागलो तेव्हा निघण्याआधी मी रोज गाडीभोवती एक फेरी मारायचो. टायरला हात लावून बघायचो, बॉनेट उघडून ऑइल-पाणी बघायचो, कुणाला तरी मागं उभं करून ब्रेकचा दिवा लागतो का ते विचारायचो. आत बसलेली माणसं थोडा वेळ वाट बघायची. मग मागच्या बाकावरून आवाज यायचा, “आरं, गाडी बघाय आलायस का पोरगी?” आणखी थोड्या वेळानं माणसं उतरून दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसायची.

अण्णा म्हणायचे, “गाडी काय म्हातारी हाय का, रोज नाडी बघाया?”

“म्हातारीच हाय, अण्णा.”

“मग म्हातारीचा मान ठिवावा. छळू नये तिला.”

मग एकदा स्टँडवर कुणाच्या तरी नव्या ट्रॅक्टरची पूजा निघाली. ट्रॅक्टर मधोमध, भटजी त्याच्यापुढं, रस्ता बंद. मी चहा मागवला, तो गार झाला. दुसरा मागवला, तोही गार झाला. कुणी ब्र काढला नाही. एसटीचा ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला आणि टोपी काढून उभा राहिला. रोज माझ्या नावानं शंख करणारी माणसं डोळे मिटून उभी होती. तेव्हा मला कळलं, की आमच्या लोकांकडं वेळ भरपूर आहे. फक्त तो टायरसाठी नाही.

दुसऱ्या दिवशी मी खिशात कुंकवाची पुडी घेऊन आलो.

पहिल्या टायरला बोट टेकवलं तेव्हा यसाक्का शेजारी उभी होती. यसाक्का म्हणजे दर बाजाराला अंडी घेऊन खाली जाणारी बाई. तिचं वय गावात कुणाला माहीत नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

“काय करतोयस?”

“पूजा.”

“कुणाची?”

“चाकोबाची.”

हे नाव कुठून आलं, विचारू नका. समोर चाक होतं.

“कुठला म्हनायचा ह्यो?”

“चाकातला.”

“नवसाला पावतोय?”

“घाटात पावतोय, आक्का. बाकीच्यात लक्ष घालत न्हाई त्यो.”

यसाक्कानं अंड्यांची पाटी खाली ठेवली आणि चपला काढल्या. तिनं काढल्या म्हणून मागच्यांनी काढल्या. त्या दिवशी मी चारही टायर निवांत बघितले. एकात खिळा होता.

मग मी सुटलोच. गाडीला प्रदक्षिणा घालताना टायरवर काठीनं ठोकायचं, आवाज भद्द आला तर देव रुसलाय, म्हणजे हवा भरायची. बॉनेट हा गाभारा. ऑइलची काडी बाहेर काढून सगळ्यांना दर्शन द्यायचं. खुणेच्या खाली ऑइल दिसलं तर अपशकुन. रेडिएटर हे मोठं कुंड, ब्रेक ऑइलची पांढरी डबी हे धाकटं कुंड. कुंड रिकामं दिसलं तर भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही. गाडीमागं सवाष्ण उभी करायची, मी ब्रेक दाबला की तिनं दिव्याकडं बघून नमस्कार करायचा. दिवा लागला नाही तर ती आपसूक ओरडायची. पुढच्या सीटवाल्यानं पट्टा लावायचा, त्याला गाठ म्हणायचं. शेवटी घंटा म्हणून हॉर्न.

चाकोबाला गाडीत नऊच माणसं चालतात, हेही मी घालून दिलं. अण्णा त्यावर चिडले होते. पण दहावा माणूस चढला, की यसाक्काच त्याला कॉलरला धरून खाली उतरवायची. आणि लोक देवाची गाडी म्हणून आमच्याच गाडीसाठी थांबायला लागले, तेव्हा अण्णांनी स्वतःच्या हातानं आरशाला हार घातला.

सर्जेरावचं निराळं. सर्जेराव सरळ माणूस. चाकोबा माझा झाला नाही, सर्जेराव मात्र चाकोबाचा झाला. त्यानं चाकोबाचा वार ठरवला, उपास धरला. त्याच्या बॉनेटमध्ये अगरबत्तीचा धूर इतका असायचा, की एकदा खरोखर वायर जळाली तेव्हा सगळ्यांनी हात जोडले. मी त्याला म्हणायचो, “सर्ज्या, काडी नुसती दाखवू नको, बघतबी जा.” तो म्हणायचा, “देवाकडं रोखून बघू नये.”

साखरपुड्याच्या दिवशी माझी जीप स्टँडवर उभीच होती. तिचं मागचं टायर गुळगुळीत झालं होतं आणि अण्णा नवं घेत नव्हते, म्हणून आठवडाभर चाकोबाचा कौल मिळत नव्हता. त्यामुळं सगळं बिऱ्हाड सर्जेरावच्या जीपमध्ये. नऊचा नियम घरच्या कार्यापुरता अण्णांनी उठवला होता. यसाक्काला मानानं पुढं बसवलं होतं. मी बाजूला उभा राहून फुकटचा पेढा खात होतो.

सर्जेरावनं बॉनेट उघडलं, नारळ फोडला, पळीत पाणी घेतलं आणि ते ब्रेक ऑइलच्या डबीत ओतलं.

माझ्या तोंडात पेढा तसाच राहिला.

“सर्ज्या, काय केलंस?”

“धाकट्याला घातलं.”

“काय घातलंस?”

“नारळपाणी. थोरल्याला साधं, धाकट्याला नारळाचं. धाकटा लाडका असतोय.”

“कधीपास्नं घालतोयस?”

“दिवाळीपास्नं. जरा खाली गेलं की भरतोय. कुंड रिकामं ठिवायचं न्हाई, तूच म्हनालास.”

कशानं भरायचं हे मी कधी सांगितलं नव्हतं. देवाच्या नियमात ऑइलचा डबा कसा घालायचा, हे मला जमलं नव्हतं.

“ब्रेक कसा हाय?” मी विचारलं.

“झ्याक. फकस्त घाट सपत आला की पॅडल मऊ लागतंय, लोण्यावानी. मग मी चाकोबाचं नाव घेतो. खाली जाऊन च्या पिऊन येतो, तवर परत कडक.” सर्जेराव हसला. “पावतोय.”

घाट उतरताना ब्रेक तापतात. त्यातलं तेल तापतं. तेलात पाणी असलं की त्याची वाफ होते, आणि वाफेवर कितीही पाय दाबला तरी चाक थांबत नाही. गार झालं की पॅडल पुन्हा कडक, जणू काही झालंच नाही. रोज नऊ माणसं घेऊन तो वाचत होता. आज आत किती होती ते मोजायला मला धीर झाला नाही.

मी हे सगळं अण्णांना सांगितलं. तेलाचं सांगितलं, वाफेचं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं, जीपमध्ये चढले, ब्रेक दाबला, उतरले आणि म्हणाले, “कडक हाय.”

मग मी शेवटचा उपाय केला. खरं बोललो.

“चाकोबा खोटा हाय,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. “त्यो म्या काढलाय. तुमी गाडी बघू देत नव्हता म्हनून.”

यसाक्कानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“तू काढलास?”

“म्या.”

“तुला च्या करता येतो का रं?”

“न्हाई.”

“च्या येत न्हाई, आन् देव केलास व्हय?”

सगळी जीप हसली. चाकांवरचे पाटे वरखाली झाले इतकी हसली. धैर्यशील कराडला कॉलेजात होता, तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “निवासदादा, माणसाच्या श्रद्धेला असं बोलू नये.”

“श्रद्धेला बोलत न्हाई मी. ब्रेकला बोलतोय.”

“गप जा बाजूला,” अण्णा म्हणाले. “सर्ज्या, घाल चावी.”

तेव्हा मी उजव्या चाकाखालचं लिंबू उचललं, खिशात टाकलं आणि तिथं आडवा झालो.

“कामावरनं काढीन,” अण्णा म्हणाले.

“काढा.”

“गावात कोण गाडी देणार न्हाई तुला.”

“चालत जाईन. चालताना माझा ब्रेक लागतोय.”

“निवास, पोराच्या साखरपुड्याला आडवा येतोयस.”

“आडवाच आलोय, अण्णा. तेरवीला उभं राहण्यापरीस ह्ये बरं.”

हे ऐकून अण्णांचा चेहरा लाल झाला. मी भित्रा आहे हे वर सांगितलंच आहे. इंजिन माझ्या कानाशी धडधडत होतं, खालून गरम वाफ तोंडावर येत होती, आणि मला इतकी भीती वाटत होती, की उठायचं झालं तर आधी कुठला पाय हलवायचा हेच आठवत नव्हतं. लोक याला धाडस म्हणतात. म्हणू द्यावं.

“सर्ज्या, मागं घे आन् बाजूनं काढ,” अण्णा म्हणाले.

सर्जेरावनं जीप मागं घेतली आणि स्टेअरिंग उजवीकडं फिरवलं. मी लोळत उजवीकडं गेलो. त्यानं पुन्हा मागं घेऊन डावीकडं फिरवलं. मी डावीकडं लोळत गेलो. धूळ उडत होती. पानाच्या टपरीवरची माणसं रस्त्यावर आली. माझा शर्ट फाटला, खिशातल्या लिंबाचा चुराडा झाला आणि त्याचा वास सगळ्या स्टँडवर सुटला. सर्जेरावनं तिसऱ्यांदा गाडी वळवली. मी तिसऱ्यांदा लोळलो.

“थांबीव,” यसाक्का म्हणाली.

सर्जेराव थांबला.

“आरं, पोरगं लोटांगण घालतंय. आन् आपन बसून बघताव?”

“आक्का, त्यो नाटकं करतोय,” अण्णा म्हणाले.

“मगाशी देवाला खोटं म्हनला, आता अंगावरची कातडी सोलून लोळतोय. ह्याला पच्चाताप म्हनत्यात, हिंदुराव. तुमच्यात बघायला मिळत न्हाई म्हनून वळखू येत न्हाई.”

ती उतरली. पदर कमरेला खोचला, गुडघ्यावर हात देऊन खाली बसली आणि माझ्या शेजारी आडवी झाली. आभाळाकडं बघत तिनं विचारलं, “नवीन हाय का ह्ये?”

मी खरं बोलून पाहिलं होतं. त्याचा काय उपयोग झाला ते तुम्ही पाहिलंत.

“आजपास्नं हाय, आक्का.”

“कुठवर घालायचं?”

“गाडी हलंल तितक्या बारीला.”

“आन् न्हाई हलली तर?”

“तर देवाला पोचलं.”

यसाक्कानं जीपकडं मान वळवली. “ऐकलं का? उतरा समदी.”

आधी अण्णांच्या दोन बहिणी उतरल्या. मग पोरंबाळं, त्यांना तर हेच हवं होतं. मग काकी, म्हणजे अण्णांच्या मंडळी, नव्या साडीत. त्या अण्णांकडं बघून म्हणाल्या, “एवढ्यानं काय बिघडतंय,” आणि झोपल्या. धैर्यशील पेढ्यांचं ताट धरून उभा राहिला. ताट कुठं ठेवावं हे त्याला सुचेना. शेवटी ते त्यानं बॉनेटवर ठेवलं, कोट काढला, घडी घातली आणि माझ्या पलीकडं पालथा पडला. “सरळ झोप, तोंडात माती जाईल,” मी त्याला म्हणालो.

सर्जेरावनं इंजिन बंद केलं. चावी काढली, कडोसरीला लावली आणि येऊन सगळ्यांच्या शेवटी आडवा झाला, हात जोडून.

अण्णा एकटे उभे राहिले. दोन जीपचे मालक होते, पण त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. त्यांनी आमच्या रांगेकडं पाहिलं. घरचं सगळं माणूस रस्त्यावर उताणं, मधे मी.

“म्या झोपनार न्हाई,” ते म्हणाले.

“तुमी झोपू नका,” मी म्हणालो. “चिपळूनची एसटी येतीया. तिला हात करा.”

त्यांनी बराच वेळ हात केला नाही. एसटी वळणावर आली, हॉर्न वाजला, आणि रस्त्यावर इतकी माणसं पडलेली बघून ड्रायव्हरनं आपणच ब्रेक दाबला. चांगला होता ब्रेक. मी झोपल्या झोपल्या ऐकला.

कंडक्टरनं दारातून विचारलं, “काय झालंय? अपघात?”

“न्हाई,” यसाक्का अंग झाडत उठली. “तेवढंच ऱ्हायलंय.”

सगळे एसटीत चढले. कपाळाला माती, पाठीला माती, हातात आहेराच्या पिशव्या. अण्णा सगळ्यात शेवटी चढले आणि खिडकीतून माझ्याकडं बघितलं.

“निवास, तुला काढला कामावरनं.”

“बरं.”

यसाक्का त्यांच्या मागून म्हणाली, “लोटांगनासाठी मानूस काढताय व्हय?”

“लोटांगनासाठी न्हाई,” अण्णा म्हणाले. “देवाला खोटं म्हनला त्यासाठी.”

एसटी घाटात उतरली. मी आणि सर्जेराव रिकाम्या जीपपाशी राहिलो. बॉनेटवर पेढ्यांचं ताट तसंच होतं. आम्ही दोघांनी निम्मं संपवलं. थोड्या वेळानं सर्जेराव उठला, ताट खाली ठेवून बॉनेट उघडलं, धाकट्या कुंडात बोट बुडवलं आणि ते नाकाशी नेलं. मग बॉनेट लावून टाकलं आणि माझ्याकडं न बघता घरी गेला.

साखरपुडा झाला. मुहूर्त टळला होता, पण मुलीकडचे समंजस होते, त्यांनी दुसरा काढला. धैर्यशीलला आता दोन पोरं आहेत. त्या जीपचं पुढं काय निघालं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अण्णांनी ती आठवडाभर हलवली नाही, एवढं खरं. गावाकडचं कुणी कुठं भेटलं, की अजून मला टोमणा मारतं, “काय रं निवास, काय झालं असतं त्या दिवशी?” मी सांगतो, काही झालं नाही. तेच झालं.

मी कराडला गेलो, दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, मग स्वतःची घेतली. आठ वर्षं कुसवड्याला फिरकलो नव्हतो. गेल्या महिन्यात मेहुण्याच्या लग्नासाठी चिपळूणला निघालो, बायको शेजारी, सासूबाई मागं. उशीर झाला होता. सकाळी गाडीभोवती फेरी मारायची राहिली होती.

घाटमाथ्यावर रस्त्याच्या कडेला एक जुनं जीपचं चाक उभं पुरलेलं, शेंदूर लावलेलं. वर पत्र्याचं छप्पर. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: ‘नारळ फोडावा. पाणी स्वतः प्यावे.’ खाली उतरणारी प्रत्येक गाडी थांबत होती. लोक उतरून टायर ठोकत होते, बॉनेटं उघडी होती. एका गाडीमागं सवाष्ण उभी होती.

पुजारी माझ्या गाडीपाशी आला. दाढी वाढलेली, पण ओळखू आला.

“ब्रेक दाब,” सर्जेराव म्हणाला. ओळख वगैरे काही नाही.

मी दाबला. तो मागं जाऊन आला.

“मागचा उजवा दिवा लागत न्हाई.”

“खाली जाऊन बदलतो.”

“हितंच बदल.”

“सर्ज्या, लगीन हाय. मुहूर्त गाठायचाय.”

तो गाडीच्या पुढं गेला आणि मला दिसेनासा झाला. बायकोनं काचेतून वाकून बघितलं आणि म्हणाली, “अहो, ते खाली झोपलेत.”

मी डोकं बाहेर काढलं.

“ऊठ सर्ज्या, उशीर होतोय.”

“हू दे,” खालून आवाज आला.

मी मागं घ्यावी का, असा विचार केला. पण त्याला लोळता येतं की नाही हे बघायची मला हौस नव्हती, आणि शिवाय येतच असणार. मी उतरलो, डिकीतून नवा बल्ब काढला आणि मागच्या दिव्यापाशी उकिडवा बसलो. स्क्रू गंजलेला होता, वेळ लागला. माझ्यामागं गाड्यांची रांग पार वळणापर्यंत गेली. कुणी हॉर्न वाजवला नाही. मी मान वळवून बघितलं तेव्हा माणसं खाली उतरून, चपला काढून, हात जोडून उभी होती.